पोत्यावरचे आकडे आणि वहीतला मोल

युरियाच्या पोत्यावर ‘४६ टक्के नायट्रोजन’ असे छापलेले असते. डीएपीच्या पोत्यावर ‘१८:४६:०’. जून उजाडला की शहापूर आणि मुरबाडच्या बाजारातल्या कृषी सेवा केंद्रांतून ही पोती टेम्पोत चढतात आणि डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे, धसई अशा गावांतल्या पडव्यांत आवणीपर्यंत थप्पी लावून राहतात. त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी नववीचा ‘द्रव्याचे मोजमाप’ हा धडा किंवा अकरावी सायन्सचे पुस्तक उघडून बसते आणि मोलची गणिते आली की पान उलटते. वास्तविक पोत्यावरचे आकडे आणि पुस्तकातली गणिते एकाच हिशेबाची दोन टोके आहेत.

हा लेख त्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठीही. सांगायचे एवढेच, की रेणुसूत्राची आणि पदार्थाच्या प्रमाणाची सगळी गणिते एकाच वाटेने सुटतात: आधी ग्रॅमचे मोल करा, मग मोलची मोलशी तुलना करा, शेवटी हवे असेल तर मोलचे पुन्हा ग्रॅम करा. ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारली की गणित फसते.

सूत्रे इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिली आहेत. वहीत ती पुस्तकातल्या चिन्हांनीच लिहा आणि आकडे चिन्हाच्या पायाशी लहान काढा.

मोल म्हणजे मोजदाद

भाताच्या वाणाची माहिती देताना ‘हजार दाण्यांचे वजन’ सांगतात. समजा, एका वाणाचे हजार दाणे २० ग्रॅम भरले. मग १ किलो बियाण्यात दाणे किती? १००० ÷ २० = ५०, म्हणजे ५० हजार. जाड दाण्याच्या दुसऱ्या वाणाचे हजार दाणे २५ ग्रॅम भरले, तर त्याच किलोत ४० हजारच दाणे येतील. वजन सारखे, संख्या वेगळी; आणि एकेक दाणा मोजत बसावे लागले नाही.

मोल हेच काम करतो. फक्त गट हजाराचा नसून ६.०२२ × १० चा २३वा घात इतक्या कणांचा असतो. या संख्येला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी असते, हे इटलीच्या ॲमेडिओ ॲव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये मांडले. अंक त्यांनी स्वतः काढलेला नाही; त्याला त्यांचे नाव पुढे दिले गेले. पूर्वी मोलची व्याख्या ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण’ अशी होती. २० मे २०१९ पासून ती सरळ संख्येवर आली: ६.०२२१४०७६ × १० चा २३वा घात इतके कण म्हणजे १ मोल. शाळेच्या गणितात ६.०२२ पुरे.

पाण्याचे रेणुवस्तुमान १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल. एवढे पाणी चार लहान चमच्यांतही मावते. युरियाचा १ मोल ६० ग्रॅमचा, मिठाचा ५८.५ ग्रॅमचा. वजने वेगळी, पण कणांची मोजदाद तीच.

वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहून ठेवा:

मोल = ग्रॅममधील वस्तुमान ÷ मोलर वस्तुमान
कणांची संख्या = मोल × ॲव्होगॅड्रो अंक
वायूचे लिटर = मोल × २२.४

तिसरी ओळ फक्त वायूंसाठी आहे आणि तीही ० अंश सेल्सिअस तापमान व १ ॲटमॉस्फिअर दाबालाच लागू पडते. काही पुस्तकांत दाब १ बार धरतात, तेव्हा २२.४ च्या जागी २२.७ येतात. प्रश्नात कोणता दाब दिला आहे ते आधी वाचा. पाणी किंवा अल्कोहोल अशा द्रवाला २२.४ लावणे ही नेहमीची चूक आहे.

रेणुवस्तुमान काढताना कंस सांभाळा

पाठ असावीत अशी अणुवस्तुमाने थोडीच आहेत: हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, फॉस्फरस ३१, गंधक ३२, क्लोरिन ३५.५, पोटॅशियम ३९, कॅल्शियम ४०, तांबे ६३.५. बाकीची प्रश्नात दिलेली असतात.

डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, सूत्र (एनएच४)२एचपीओ४. कंसाबाहेरचा २ फक्त कंसातल्या अणूंना लागतो. म्हणून नायट्रोजन २, हायड्रोजन कंसातले ८ आणि बाहेरचा १ मिळून ९, फॉस्फरस १, ऑक्सिजन ४. बेरीज: २८ + ९ + ३१ + ६४ = १३२. इथे बरेच जण हायड्रोजन ८ धरतात किंवा १० करतात. तसे होऊ नये म्हणून अणूंची यादी आधी एकाखाली एक लिहावी आणि गुणाकार नंतर करावा.

सूत्रापुढचा मोठा आकडा आणि सूत्रातला लहान आकडा यांतही गल्लत होते. ‘२एनएच३’ म्हणजे अमोनियाचे दोन मोल. त्यामुळे अमोनियाचे रेणुवस्तुमान ३४ होत नाही, ते १७ च राहते. आणखी एक सवय लावून घ्या: ‘ऑक्सिजनचा १ मोल’ असे वाचले की आधी विचारा, अणूंचा की रेणूंचा? अणूंचा असेल तर १६ ग्रॅम, रेणूंचा असेल तर ३२.

सूत्रावरून पोत्यापर्यंत

युरियाचे सूत्र सीओ(एनएच२)२. कार्बन १२, ऑक्सिजन १६, नायट्रोजन २८, हायड्रोजन ४, एकूण ६०. त्यात नायट्रोजनचा वाटा २८ ÷ ६० × १०० = ४६.६७ टक्के. पोत्यावर ४६ लिहिलेले असते. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्येही युरियासाठी किमान ४६ टक्के नत्राचीच अट आहे. मधला अर्धा-पाऊण टक्का कुठे गेला? कारखान्यात तयार होणाऱ्या युरियात थोडी ओल असते आणि युरियाचे दोन रेणू जुळून तयार होणारे बाययुरेटही थोडे असते. सूत्र शुद्ध पदार्थाचे असते, पोते व्यवहारातल्या पदार्थाचे.

सूत्र कमाल मर्यादा सांगते. कोणी ‘५० टक्के नत्राचा युरिया’ विकायला आणला तर प्रयोगशाळेत न जाताही सांगता येते, की ते शक्य नाही. ४६.६७ च्या वर युरिया जाऊच शकत नाही.

शेतीच्या हिशेबात हेच उलट वापरतात. एखाद्या तुकड्याला १ किलो नत्र द्यायचे ठरले, तर युरिया किती घ्यावा? १ ÷ ०.४६ = २.१७ किलो. शुद्ध युरिया धरला असता तर ६० ÷ २८ = २.१४ किलो आले असते. परीक्षेत सूत्राचा आकडा वापरा, शेतात पोत्यावरचा.

डीएपीच्या पोत्यावरचे १८ म्हणजे नत्र आणि ४६ म्हणजे स्फुरद. पण हा ४६ फॉस्फरसचा आकडा नाही. खतांत स्फुरद पी२ओ५ या ऑक्साइडच्या रूपात आणि पालाश के२ओ या ऑक्साइडच्या रूपात सांगण्याची रीत जुन्या विश्लेषणपद्धतीपासून चालत आली आहे. पोत्यात ही ऑक्साइडे नसतात, हिशेब मात्र त्यांच्या भाषेत मांडलेला असतो. पी२ओ५ चे वस्तुमान १४२, त्यात फॉस्फरस ६२. म्हणून खरा फॉस्फरस ४६ × ६२ ÷ १४२ = २०.१ टक्के.

उलटी वाट: टक्क्यांवरून सूत्र

आता या दोन आकड्यांवरून डीएपीचे सूत्र हुडकता येते का पाहू. १०० ग्रॅम डीएपी घेतले असे समजा. त्यात नायट्रोजन १८ ग्रॅम, म्हणजे १८ ÷ १४ = १.२९ मोल. फॉस्फरस २०.१ ग्रॅम, म्हणजे २०.१ ÷ ३१ = ०.६५ मोल. मोठ्याला लहानाने भागा: १.२९ ÷ ०.६५ = १.९८, जवळपास २. फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे दोन अणू. डायअमोनियम फॉस्फेटमध्ये ‘डाय’ का आहे, ते पोत्यानेच सांगितले.

‘सुफला १५:१५:१५’ च्या पोत्यावर मात्र हा प्रयोग करू नका. ते अनेक क्षारांचे मिश्रण आहे. मिश्रणाचे प्रमाण कारखाना ठरवतो, म्हणून त्याला रेणुसूत्र नसते. टक्क्यांवरून सूत्र फक्त संयुगाचेच काढता येते.

पुस्तकातल्या पद्धतीने एक पूर्ण उदाहरण सोडवू. चिंचेच्या आंबटपणाचे कारण असलेल्या टार्टारिक आम्लात कार्बन ३२ टक्के, हायड्रोजन ४ टक्के आणि ऑक्सिजन ६४ टक्के असतो. रेणुवस्तुमान १५०. रेणुसूत्र काढा.

पहिली पायरी: १०० ग्रॅम धरा, म्हणजे टक्के तेच ग्रॅम झाले.
दुसरी पायरी: प्रत्येकाचे मोल करा. कार्बन ३२ ÷ १२ = २.६७; हायड्रोजन ४ ÷ १ = ४; ऑक्सिजन ६४ ÷ १६ = ४.
तिसरी पायरी: सर्वांत लहान आकड्याने भागा. १ : १.५ : १.५.
चौथी पायरी: पूर्णांक करा. २ ने गुणल्यावर २ : ३ : ३.

हे सर्वांत साधे गुणोत्तर झाले, म्हणजेच इम्पिरिकल फॉर्म्युला: सी२एच३ओ३. त्याचे वस्तुमान २४ + ३ + ४८ = ७५. रेणुवस्तुमान १५०, म्हणजे दुप्पट. म्हणून रेणुसूत्र सी४एच६ओ६.

बहुतेकांचे गणित चौथ्या पायरीवर घसरते. १.५ दिसले की ‘जवळचा पूर्णांक’ म्हणून २ लिहितात आणि सूत्र सीएच२ओ२ करून मोकळे होतात. नियम असा ठेवा: उत्तर १.९८ किंवा ३.०३ असे पूर्णांकाला अगदी चिकटून असेल तरच पूर्णांक करा. १.५ आले तर सगळ्यांना २ ने गुणा, १.३३ किंवा १.६७ आले तर ३ ने, १.२५ किंवा १.७५ आले तर ४ ने. भागाकार करताना दोन दशांश स्थळे तरी ठेवा. मध्येच आकडे कापले तर १.३३ चे १.३ होते आणि पुढचा रस्ता सापडत नाही.

टक्क्यांवरून फक्त साधे गुणोत्तर कळते. रेणू नेमका केवढा, हे कळायला रेणुवस्तुमान वेगळे द्यावे लागते. ते प्रश्नात नसेल तर इम्पिरिकल फॉर्म्युलाशी थांबा. पुढे अंदाज बांधू नका.

जाळून मिळालेली माहिती

अकरावीत प्रश्न थोडा फिरवून येतो: ०.७५ ग्रॅम टार्टारिक आम्ल भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळले, ०.८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.२७ ग्रॅम पाणी मिळाले. सूत्र काढा.

कार्बन सगळा कार्बन डायऑक्साइडमध्ये गेला: ०.८८ ÷ ४४ = ०.०२ मोल, म्हणजे कार्बन ०.०२ मोल, वजन ०.२४ ग्रॅम. हायड्रोजन सगळा पाण्यात गेला: ०.२७ ÷ १८ = ०.०१५ मोल पाणी. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, म्हणून हायड्रोजन ०.०३ मोल, वजन ०.०३ ग्रॅम. ही दुप्पट करायची राहून गेली की पुढचे सगळे चुकते.

ऑक्सिजन मात्र पाणी आणि कार्बन डायऑक्साइडवरून मोजायचा नाही, कारण त्यांतला बराचसा ऑक्सिजन बाहेरून आलेला आहे. तो वजाबाकीने काढा: ०.७५ − ०.२४ − ०.०३ = ०.४८ ग्रॅम, म्हणजे ०.०३ मोल. गुणोत्तर ०.०२ : ०.०३ : ०.०३, म्हणजे पुन्हा २ : ३ : ३. वाट बदलली, उत्तर तेच आले. आपला हिशेब बरोबर असल्याचा पुरावाही मिळाला.

मोरचुदातले पाणी

मोरचूद म्हणजे निळे कॉपर सल्फेट. शाळेच्या प्रयोगशाळेत ते परीक्षानळीत हलकेच तापवले की निळा रंग उडतो, पांढरी भुकटी उरते आणि नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला की निळा रंग परत येतो. हे पाणी ओलाव्याचे नव्हे, स्फटिकाच्या घडणीतले आहे. ते किती आहे, हे वजनावरून कळते.

समजा, २.५० ग्रॅम मोरचूद तापवल्यावर १.६० ग्रॅम पांढरी भुकटी उरली. पाणी गेले ०.९० ग्रॅम, म्हणजे ०.९० ÷ १८ = ०.०५ मोल. भुकटीचे मोलर वस्तुमान ६३.५ + ३२ + ६४ = १५९.५, १.६० ÷ १५९.५ = ०.०१ मोल. गुणोत्तर १ : ५. म्हणून सूत्र सीयूएसओ४·५एच२ओ. मधला ठिपका गुणाकाराचा नाही. ‘सोबत पाच रेणू पाणी’ एवढाच त्याचा अर्थ. मोलर वस्तुमान काढताना हे पाणी मिळवायचे: १५९.५ + ९० = २४९.५.

बारावीच्या प्रात्यक्षिकातही हेच पाणी फसवते. ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकांचे सूत्र सी२एच२ओ४·२एच२ओ, मोलर वस्तुमान ९० + ३६ = १२६. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणातले मोल. ०.१ मोलॅरिटीचे २५० मिलिलिटर द्रावण हवे तर ०.१ × ०.२५ = ०.०२५ मोल लागतील, म्हणजे ०.०२५ × १२६ = ३.१५ ग्रॅम. पाणी विसरून ९० धरले तर २.२५ ग्रॅमच तोलले जाते आणि द्रावण ०.१ ऐवजी ०.०७१ मोलॅरिटीचे होते. मग ब्युरेट कितीही काळजीने सोडा, वाचन जुळणार नाही. म्हणून बाटलीवरचे लेबल शेवटच्या ठिपक्यापर्यंत वाचा.

एका ब्रिकेटमधला अमोनिया

आता अभिक्रियेचे गणित. डॉ. एन. के. सावंत यांच्या नावाशी जोडलेल्या चारसूत्री भातशेतीत नियंत्रित आवणी करून दर चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. ब्रिकेटमध्ये युरिया आणि डीएपी यांचे प्रमाण ६० : ४०. म्हणजे एका ब्रिकेटमध्ये १.६२ ग्रॅम युरिया.

जमिनीतल्या युरिएज या विकरामुळे युरियाचे पाण्याशी विघटन होते आणि अमोनिया तयार होतो:

सीओ(एनएच२)२ + एच२ओ → २एनएच३ + सीओ२

प्रश्न: एका ब्रिकेटमधल्या युरियातून किती अमोनिया तयार होईल?

ग्रॅमवरून मोल: १.६२ ÷ ६० = ०.०२७ मोल युरिया.
मोलवरून मोल: समीकरणात १ युरियाला २ अमोनिया, म्हणून ०.०५४ मोल अमोनिया.
मोलवरून ग्रॅम: ०.०५४ × १७ = ०.९२ ग्रॅम.

हाच अमोनिया वायू होऊन सुटला असता तर ० अंश तापमानाला त्याने ०.०५४ × २२.४ = १.२ लिटर जागा व्यापली असती. चिमटीत मावणाऱ्या गोळीतून लिटरभराहून जास्त वायू! पाण्यावर फेकून दिलेल्या युरियातले नत्र हवेत उडून का जाते आणि ब्रिकेट चिखलात खोल का खोचतात, याचे उत्तर या आकड्यात आहे. खोल चिखलात अमोनियाचा अमोनियम आयन होतो, मातीचे कण त्याला धरून ठेवतात आणि मुळे तो हळूहळू उचलतात.

गुंठ्याचा हिशेबही करून पाहा. चुडांतले अंतर सरासरी २० सेंटिमीटर धरले तर एका चौरस मीटरमध्ये २५ चूड बसतात. एक गुंठा ढोबळमानाने १०० चौरस मीटरचा, म्हणून २,५०० चूड आणि ६२५ ब्रिकेट. वजन ६२५ × २.७ = १,६८७.५ ग्रॅम, म्हणजे १.७ किलोच्या आत-बाहेर. हेक्टरी हेच १७० किलोच्या आसपास जाते.

आधी कोण संपते?

दोन पदार्थ दिलेले असले की ‘लिमिटिंग रिएजंट’ ओळखावा लागतो, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ. इथेही ग्रॅमची तुलना करायची नाही, मोलची करायची.

फळझाडांवर आणि भाजीपाल्यावर बुरशीसाठी एक टक्का बोर्डो मिश्रण वापरतात: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. वजने सारखी म्हणून दोघे बरोबरच संपतील असे वाटते. मोल काढा. मोरचूद १००० ÷ २४९.५ = ४ मोल. कळीचा चुना, म्हणजे सीएओ: १००० ÷ ५६ = १७.९ मोल. चुना विरघळवताना सीएओच्या एका मोलपासून सीए(ओएच)२ चा एक मोल होतो. साध्या समीकरणाप्रमाणे १ मोल मोरचुदाला १ मोल चुना पुरतो. म्हणजे ४ मोल, ४ × ५६ = २२४ ग्रॅम चुना पुरेसा. आधी संपणार मोरचूद. चुना चौपटीहून जास्त आहे.

मग किलोभर चुना कशाला? बाजारातला चुना पूर्ण शुद्ध नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून त्याचा काही भाग पुन्हा चुनखडी झालेला असतो. आणि मिश्रणात मोकळे तांबे उरले तर पाने करपतात, म्हणून ते उरूच नये याची खबरदारी घेतात. शेतकऱ्याची परीक्षाही रसायनशास्त्राचीच आहे: मिश्रणात लोखंडी विळा किंवा सळई थोडा वेळ बुडवतात, तिच्यावर तांबूस थर चढला तर विरघळलेले तांबे शिल्लक आहे, अजून चुन्याची निवळी घाला. थर चढला नाही तर मिश्रण तयार. हे मिश्रण लोखंडी भांड्यात न करता प्लॅस्टिकच्या पिंपात करतात, त्याचेही कारण हेच.

परीक्षेत पद्धत अशी ठेवा: दोन्ही पदार्थांचे मोल काढा, प्रत्येकाला समीकरणातल्या त्याच्या आकड्याने भागा; ज्याचे उत्तर लहान तो आधी संपणारा. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावरूनच करा.

विहिरीतला क्लोरिन

भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, तरी इथल्या कितीतरी पाड्यांची तहान विहिरींवरच भागते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक त्या विहिरींत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. तिचे पुस्तकी सूत्र सीएओसीएल२, वस्तुमान ४० + १६ + ७१ = १२७. उपलब्ध क्लोरिन ७१ ÷ १२७ = ५६ टक्के असायला हवा; चांगल्या पावडरीत प्रत्यक्ष ३३ टक्क्यांच्या आसपास असतो, कारण बाजारातली पावडर शुद्ध संयुग नसते. डबा उघडा राहिला तर आणखी घटतो. पुन्हा तोच धडा: सूत्र कमाल सांगते, लेबल प्रत्यक्ष सांगते.

विहिरीचा व्यास ५ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर आकारमान ३.१४ × २.५ × २.५ × ४ = ७८.५ घनमीटर, म्हणजे ७८,५०० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम या ढोबळ प्रमाणाने पावडर १९६ ग्रॅम लागेल. त्यातून क्लोरिन १९६ × ०.३३ = ६५ ग्रॅम, म्हणजे ६५ ÷ ७१ = ०.९ मोल. एवढ्या मोठ्या विहिरीला एक मोलसुद्धा नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन जास्त खर्च होतो, म्हणून मात्रा जलसुरक्षकानेच ठरवावी आणि ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीने तपासावी. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहिला पाहिजे. गणित तुम्ही करा, पावडर त्यांना टाकू द्या.

परीक्षेच्या तयारीसाठी

मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलेल्यांना संकल्पनेपेक्षा इंग्रजी प्रश्न अडवतो. त्यावर उपाय साधा आहे. प्रश्न वाचताना आधी तीन गोष्टी समासात लिहा: काय दिले आहे, एककासह, काय विचारले आहे, एककासह, आणि समीकरण दिले आहे का. पुढची वाट ठरलेलीच आहे.

बारावीच्या बोर्डात लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर नाही. म्हणून सराव करतानाही मोबाइलवर भागाकार करू नका. आकडे बहुतेक वेळा सोपे पडतील असेच दिलेले असतात: ४४, १८, १००, १६ दिसले की त्यांच्या पटीतले आकडे शोधा. प्रत्येक ओळीत एकक लिहा. मिलिग्रॅमचे ग्रॅम आणि मिलिलिटरचे लिटर पहिल्याच ओळीत करून टाका. उत्तर आल्यावर ते पटण्यासारखे आहे का पाहा: काही ग्रॅम पदार्थातले मोल हजारांत आले किंवा अणूंची संख्या एकापेक्षा कमी आली, तर गुणाकाराच्या जागी भागाकार झाला आहे.

सरावासाठी पाच प्रश्न:

१. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र आहे. नत्र किती किलो आणि नायट्रोजन अणूंचे किती मोल?
२. ३.४ ग्रॅम अमोनियात हायड्रोजनचे किती अणू असतील?
३. एका साखरेत कार्बन ४०, हायड्रोजन ६.६७ आणि ऑक्सिजन ५३.३३ टक्के आहे, रेणुवस्तुमान १८०. रेणुसूत्र काढा.
४. ५ ग्रॅम शुद्ध चुनखडी (सीएसीओ३) भाजल्यावर कळीचा चुना किती ग्रॅम मिळेल आणि कार्बन डायऑक्साइड किती ग्रॅम सुटेल?
५. १४.२ किलोच्या सिलिंडरात सगळा ब्युटेन (सी४एच१०) आहे असे धरले तर त्यात किती मोल वायू असेल?

उत्तरे: १) २०.७ किलो, सुमारे १,४७९ मोल. २) ०.२ मोल अमोनिया, ०.६ मोल हायड्रोजन, ३.६१ × १० चा २३वा घात इतके अणू. ३) सी६एच१२ओ६, उदाहरणार्थ ग्लुकोज. ४) २.८ ग्रॅम आणि २.२ ग्रॅम, दोन्ही मिळून पुन्हा ५ होतात का, हे पाहायला विसरू नका. ५) सुमारे २४५ मोल.

उत्तर जुळले नाही तर गणित खोडून नव्याने मांडू नका. मोल काढलेल्या ओळीवर परत जा आणि तिथले मोलर वस्तुमान अणूंच्या यादीशी ताडून पाहा. चूक बहुतेक वेळा त्याच ओळीत सापडते.